साहेब, बॅक बेअरिंग आणि माझा फॉर्म

परवा गावातल्या एका पोराने विचारलं, काका तुम्ही शिपायाचे ऑफिसर कसे झालात, क्लास कुठला लावलेला? त्याला म्हटलं क्लास नव्हता रे बाबा, एक नायब सुभेदार होता. तो हसला, त्याला वाटलं मी काहीतरी भावनिक बोलतोय. पण खरंच तसंच झालंय, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

मी पाटण तालुक्यातला. बारावी सायन्स कशीबशी पास, पुढं कॉलेजला घालायला घरात पैसे नाहीत, १९९४ ला साताऱ्यात भरती निघाली आणि पळालो. आमच्या जिल्ह्यात त्याचं कुणाला कौतुक नाही, अपशिंगे मिलिटरीसारखं गाव जिथं आहे तिथं एक पोरगं फौजेत गेलं तर लोक फक्त विचारतात कुठली पलटण. बेळगावला मराठा सेंटरला ३४ आठवडे रगडा खाल्ला, कसम परेड झाली, आणि पलटणीत आलो. कुठल्या पलटणीत ते लिहीत नाही, कारण पुढं एका क्लार्कची गोष्ट येणार आहे.

पलटण तेव्हा राजौरी भागात एलओसीवर होती. आमच्या प्लाटूनचे साहेब म्हणजे नायब सुभेदार, खटाव तालुक्यातले, वय चाळीसच्या आसपास, सातवीपर्यंत शाळा, बाकी सगळी सर्टिफिकेटं फौजेत मिळवलेली. (ज्यांना फौज माहीत नाही त्यांच्यासाठी: जेसीओ म्हणजे जवान आणि ऑफिसर यांच्या मधला माणूस. जवानापासून सुरुवात करून पंधरा-वीस वर्षांनी तिथं पोचतो, आणि पलटण खरी चालवतो तो हाच.) बोलणं कमी. शिवी पण कमी, हे विशेष.

त्यांची माझी पहिली गाठ मॅप रीडिंगवर पडली. पोस्टच्या वरच्या धारेवर नेऊन हातात नकाशा आणि प्रिझमॅटिक कंपास दिला, म्हणाले आपण कुठं आहोत ते दाखव. मी पटकन बोट ठेवलं, कारण पोस्ट कुठे आहे ते मला माहीतच होतं. म्हणाले, "ते मला बी म्हाईत हाय. कसं काढलंस ते दाखव." आता ते काही येत नव्हतं. मग दोन ओळखीच्या खुणा धरायच्या, एक समोरचं शिखर आणि एक खालचा पूल, दोघांचं बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासूनचा कोन, घ्यायचं, मॅग्नेटिकचं ग्रिड करायचं (कंपासचा कोन नकाशाच्या उत्तरेला जुळवायचा), आणि मग बॅक बेअरिंग, १८० च्या आत असेल तर १८० मिळवायचे, वर असेल तर वजा करायचे, तिथून रेघा ओढायच्या, जिथं छेदतील तिथं आपण. मी बारावी सायन्सवाला, मला हे दहा मिनिटात आलं, सेक्शनमधल्या बाकीच्यांना जड जात होतं. साहेबांनी फक्त बघितलं. दुसऱ्या दिवशीपासून बाकीच्यांना शिकवायचं काम माझ्याकडे. शाबासकी वगैरे काही नाही, उलट काम वाढलं. पुढे कळलं की त्यांची शाबासकी द्यायची पद्धतच ती.

आर्मी कॅडेट कॉलेज, एसीसी, हे नाव मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. जवानाला ऑफिसर व्हायचे तसे अजूनही काही रस्ते आहेत, पण तरुणपणी जाण्याचा मुख्य हाच. बारावी पास, किमान दोन वर्षं नोकरी, वय २० ते २७, लेखी परीक्षा, मग एसएसबी (ऑफिसर निवडायची चाचणी), मग डेहराडूनला तीन वर्षं पदवी, जेएनयूची, आणि त्यानंतर एक वर्ष आयएमए, म्हणजे इंडियन मिलिटरी अकॅडमी. पगार चालू राहतो. ही एसीसी आधी आपल्या पुण्यात होती, १९६० मध्ये तिथंच सुरू झाली, १९७७ ला डेहराडूनला हलली. हे मला पुण्यात न राहणाऱ्या, सातवी शिकलेल्या माणसाने एलओसीवर बुखारीसमोर (शेगडीसमोर) बसून सांगितलं. मी म्हटलं साहेब माझं इंग्लिश कच्चं आहे. म्हणाले, "माझं तर हायच कुठं?"

पण मग त्यांनी जे केलं ते आजही मला भारी वाटतं. कंपनी कमांडरकडे इंग्रजी पेपर यायचा, तीन-चार दिवस शिळा, वर रेशनच्या गाडीबरोबर. कॅप्टनसाहेबांचा वाचून झाला की साहेब तो मागून आणायचे. संध्याकाळी ड्युटी नसेल तेव्हा अर्धा तास, मी एक बातमी वाचायची आणि त्यांना मराठीत सांगायची. आणि ते प्रश्न विचारायचे. गॅट म्हणजे काय, मग आपल्या कांद्याचं काय होणार, हा कोण तो कशाला रागावलाय. त्यांना समजलं नाही तर दोष माझा, परत वाच. सुरवातीला मला वाटायचं यांना बातम्या ऐकायच्यात म्हणून मला राबवतात, आणि खरं सांगायचं तर थोडं तेही असेल. पण सहा महिन्यात माझी वाक्यं जुळायला लागली. मला समजलंय असं वाटणं आणि खरंच समजणं यातला फरक मला त्या अर्ध्या तासात कळला, पुढं स्टाफ ड्युटीत मोठमोठे ब्रीफ लिहिताना पण डोक्यात तेच असायचं की हे साहेबांना सांगता येईल का.

एक अट होती. अभ्यास आहे म्हणून ड्युटी सुटणार नाही. सेंट्री, फटीग (म्हणजे अंगमेहनतीची कामं), पाणी भरणं, सगळं बरोबरीने. एकदा मी लाइट मशीनगनच्या सफाईत टाळाटाळ केली, पुस्तक घेऊन बसलो, तर साहेबांनी पुस्तक आठवडाभर स्वतःच्या ट्रंकेत टाकलं. म्हणाले, ज्या पोरांच्या डोक्यावर उद्या ऑफिसर म्हणून बसणार त्यांच्या वाटचं पाणी आज भरायला लाज वाटत असली तर ऱ्हाऊ दे. मला तेव्हा राग आलेला. पोरंही टोमणे मारायची, "अफसर साब, चाय लाऊं क्या", एक हवालदार तर रोल कॉलला मुद्दाम माझं नाव ओढून ओढून घ्यायचा. पण मी ड्युटी चुकवत नव्हतो म्हणून ते टोमणे चेष्टेतच राहिले, नाहीतर ते वर्ष कठीण गेलं असतं.

१९९७ ला फॉर्म भरला. सगळं झालं, कंपनी कमांडरची शिफारस झाली, आणि कागद ऑफिसमध्ये गेले. आणि राहिले. क्लार्कच्या कुठल्याशा फोल्डरमध्ये, तारीख उलटून गेली तरी. त्याला मुद्दाम करायचं नव्हतं असं आता वाटतं, रजेवर गेला, दुसऱ्याकडे चार्ज दिला, त्याने बघितलं नाही. पण तेव्हा मी रडलो, खरंच रडलो, बंकरच्या मागे जाऊन. एक वर्ष गेलं ना सरळ. मला वाटलं साहेब भांडतील, वर घेऊन जातील प्रकरण. त्यांनी काही केलं नाही. फक्त विचारलं, "पोचपावती घेतलीस का?" मी म्हटलं कसली पोचपावती, आपल्याच ऑफिसात तर दिलाय. त्यावर काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मात्र माझ्याबरोबर स्वतः ऑफिसपर्यंत आले, डाक रजिस्टरला एंट्री करायला लावली, नंबर माझ्या वहीत लिहून घेतला, आणि मगच बाहेर पडले. मग दर पंधरा दिवसांनी विचारायचे नंबर काय आणि आता कागद कुठं पोचलेत.

लेखी निघाली, ती काही फार अवघड नव्हती. एसएसबीने मारलं. पाच दिवसाचा खेळ असतो, ज्यांनी दिलाय त्यांना माहीत आहे. चित्रं बघून गोष्टी लिहा, ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, ६० प्रसंग आणि अर्धा तास, मग ग्राउंडवर फळ्या, दोऱ्या, ड्रम. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळं अगदी शिपायासारखं केलं. ग्रुप टास्कमध्ये सगळ्यात जड फळी मी उचलली. ग्रुप डिस्कशनला सगळ्यांचं ऐकून घेतलं. इंटरव्ह्यूला अधिकाऱ्याने विचारलं तुमच्या युनिटमध्ये एक गोष्ट बदलायची असेल तर काय बदलाल, मी ताठ बसून म्हटलं नथिंग सर, एव्हरीथिंग इज व्हेरी गुड सर. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स झाली, चेस्ट नंबर वाचले, माझा नव्हता. रेल्वे वॉरंटवर परत.

साहेबांना सगळं सांगितलं, फळीचं पण. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तू तिथं बी फटीगच केलास."

इथं एक गोष्ट लिहिली पाहिजे जी फौजेबाहेरच्या लोकांना लक्षात येत नाही. जवानाला चार वर्षं आपण शिकवतो की ऐक, उलट बोलू नकोस, सांगितलंय तेवढं कर. आणि मग एक दिवस त्याला एसएसबीला पाठवून म्हणतो आता पुढाकार दाखव. कसा दाखवणार? ते स्नायूच वाढलेले नसतात. कॉलेजमधून येणारं शहरी पोरगं बडबड तरी करतं. आमची जवानांची पोरं तिथं मागे पडतात ती अक्कल कमी म्हणून नाही, सवय नाही म्हणून. माझं तर ठाम मत आहे की हे सगळ्यात मोठं कारण आहे, इंग्रजी दुसऱ्या नंबरला.

साहेबांनी यावर जो उपाय काढला तो कुठल्या पुस्तकात नसावा. त्यांनी मला हुकूम दिला की रोज एका गोष्टीवर माझ्याशी वाद घालायचा. हुकूम हां, वाद घालायचा हुकूम! पाण्याची वाट कुठून असावी, पेट्रोलला आधी कोण नंतर कोण, लाकडं कुठं रचावी. मी म्हणायचो साहेब तुम्ही म्हणता तेच बरोबर, तर पाच दंड काढायला लावायचे. पहिले आठ दिवस दंडच काढले. मग एके दिवशी मी खरंच बोललो, की पाण्याच्या पार्टीची वेळ रोज एकच आहे, समोरून बघणाऱ्याला पाठ झाली असणार, बदलायला पाहिजे. साहेब गप्प. मग वेळ बदलली. प्लाटूनसमोर सांगितलं पण नाही की कुणाची कल्पना, पण मला कळायचं ते कळलं. त्याशिवाय रोल कॉलनंतर पाच मिनिटं लेक्चर, विषय ते ऐनवेळी देणार: एकदा "रम", एकदा "बैल", एकदा "पाकिस्तान". बैलावर मी बारा मिनिटं बोललो, पोरं ऐकत बसली.

कॅप्टनसाहेबांनीही मदत केली, त्यांना विसरून चालणार नाही. त्यांनी इंग्रजीतून इंटरव्ह्यू घेतले, कपडे कसे घालायचे सांगितलं, एक टाय दिला जो मी परत केलाच नाही. पण ते वर्षभरात पोस्टिंगवर गेले, आणि ते स्वाभाविक आहे, ऑफिसर येतो दोन-तीन वर्षं आणि जातो. साहेब तिथंच होते.

दुसऱ्या वेळी झालं. जानेवारी १९९९ ला डेहराडूनला पोचलो. पहिल्या दिवसापासून परत रिक्रूट! चार वर्षांची नोकरी शून्य, परत केस कापलेले, परत फ्रंट रोल, आणि वर इकॉनॉमिक्स. माझ्या वर्गात नाईक होते, हवालदार होते, एक तर दोन मुलांचा बाप होता, रात्री टॉर्च लावून डिमांड कर्व्ह काढत बसायचा. नापास झालात तर आरटीयू, म्हणजे परत युनिटला, आणि तिथं "अफसर साब आ गए" ऐकायला तयार राहा.

आणि मे महिन्यात कारगिल सुरू झालं.

त्याबद्दल मला फार लिहिता येत नाही. आम्ही वर्गात बसून नोट्स घेतोय आणि आमच्या आमच्या पलटणी वर चढतायत. संध्याकाळी टीव्ही रूममध्ये सगळे, कुणी बोलायचं नाही. दर दोन दिवसांनी कुणीतरी ऑफिसला जाऊन उभा राहायचा की सर मला युनिटला परत पाठवा. मी पण गेलो. नकार मिळाला, मिळणारच होता. मी साहेबांना पत्र टाकलं की मला इथं बसवत नाही. उत्तर यायला महिना लागला. इनलँडवर, पेन्सिलने, चार ओळी. इकडं सगळं ठीक आहे, पोरं बरी आहेत, थंडी आहे. तुझा पेपर कधी आहे. पैसे लागले तर कळव. खाली एक ओळ, "हितं मानसं हायती, तितं तू येकटाच हायस आपला." ते पत्र अजून आहे, घडीवर फाटलंय.

२००१ ला पदवी, २००२ आयएमए. तिथली वर्षं इतरांनी भरपूर लिहिलीयत, चेटवुड हॉल, अंतिम पग, सगळं तसंच असतं. खांद्यावर स्टार लावायला आई-वडील आले, वडिलांना पिन लावता येईना, हात थरथरत होते, शेजारच्याच्या बहिणीने लावून दिली. साहेबांना बोलावलं होतं. आले नाहीत. ५१ रुपयांची मनीऑर्डर आली. मला फार लागलं ते.

का आले नाहीत ते दोन वर्षांनी कळलं. २००४ ला मी रजेवर त्यांच्या गावी गेलो, ते तोपर्यंत सुभेदार होऊन रिटायर झालेले. दारात मला बघून उभे राहिले आणि म्हणाले, "या साहेब." मी पण म्हटलं, "साहेब, अहो काय हे." फौजेत ही एक गंमत आहे, ऑफिसर जेसीओला साहेब म्हणतो आणि जेसीओ ऑफिसरला, त्यामुळे आम्ही दोघं दारात उभे राहून एकमेकांना साहेब साहेब म्हणतोय आणि काकू आतून बघतायत की हे आत कधी येणार. मला खुर्ची दिली, स्वतः बाजेच्या कडेला बसले. अहो-जाहो करायला लागले. माझ्या घशाखाली पोहे उतरेनात. मग विचारलं, आयएमएला का नाही आलात. म्हणाले, "तिथं आलो असतो तर तुम्हाला सॅल्यूट करायला लागला असता. करायला कायबी न्हाई वो. पण तुम्ही तिथंच रडला असता सगळ्यांफुडं, नव्या ऑफिसरला बरं दिसत न्हाई." बरोबरच होतं ते.

मग शेतीचा विषय निघाला, मी काहीतरी ठिबकचं शहाणपण शिकवायला गेलो आणि त्यांच्या तोंडातून निघालं, "आरं गाढवा, उतार कुठला हाय बघ की आधी." एकदम गप्प झाले. मी हसायला लागलो. त्यानंतर आमचं असं ठरून गेलं, न बोलता, की लोकांसमोर अहो आणि वादात अरे.

आता माझ्याबद्दल. लेफ्टनंट म्हणून मला दुसरी पलटण मिळाली. नवीन ऑफिसरला सुरवातीला जवानांबरोबर बॅरेकमध्ये राहायला लावतात, त्यांच्यात मिसळावा म्हणून. टूआयसी (पलटणीतले दोन नंबरचे ऑफिसर) म्हणाले तुला काय गरज. मी म्हटलं सर जातो, आणि तिथं कळलं की मला खरंच गरज होती, कारण आता मी खाटेवर बसलो की गप्पा थांबायच्या. त्याच बॅरेकमध्ये, तोच वास, तीच ट्रंक, पण गप्पा बंद.

पुढची बढती ठरलेल्या वर्षांवर होत गेली, २००४ च्या डिसेंबरात ए. व्ही. सिंग कमिटीमुळे नियम बदलले, कॅप्टनला पाच वर्षं लागायची ती दोन झाली, माझी नेमकी दोन भरलेली, मी आयताच त्यात सापडलो. सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. कर्नलच्या बोर्डाला मात्र अडकलो. एसीसीवाले वयाने मोठे असतात, शर्यत उशिरा सुरू होते, पण ते रडगाणं मी गात नाही, माझे कागद इतरांपेक्षा कमी पडले असतील.

पण एक निरीक्षण सांगतो. ऑफिसर झाल्यावर मला तसा माणूस परत मिळाला नाही. चांगले सीओ (पलटणीचे कमांडर) भेटले, खूप शिकवणारे भेटले, पण ज्याच्या हातात तुमचा एसीआर, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल, आहे त्याच्यासमोर तुम्ही चूक उघडी करत नाही. मला अमुक येत नाही हे वाक्यच तोंडातून निघत नाही. साहेबांसमोर मी "येत नाही" पन्नास वेळा म्हणायचो. आजकाल मेंटॉरशिपवर लेक्चरं होतात, आमच्याकडेही झाली, स्लाइड्स दाखवतात, आणि मेंटॉर म्हणून नेमतात कुणाला तर बहुतेक वेळा त्याच्याच रिपोर्टिंग ऑफिसरला. मग तो काय सांगणार आणि हा काय ऐकणार.

आणि मी स्वतः यात एकदा चांगलाच तोंडावर पडलोय. कंपनी कमांडर असताना एक पोरगा होता, हुशार, चपळ. मी त्याच्या मागे लागलो की एसीसी दे. पेपर दिले, इंटरव्ह्यू घेतले, माझं सगळं केलं त्याच्यावर. दोनदा एसएसबीतून परत आला. तिसऱ्यांदा फॉर्म पुढे केला तर म्हणाला, सर मला ऑफिसर व्हायचंच नाही, मला उस्ताद व्हायचंय, पण तुम्ही एवढं करताय म्हणून बोललो नाही. मी चाट पडलो. दोन वर्षं त्याला विचारलंच नव्हतं! त्याला पाहिजे होता तो कोर्स दिला, इन्स्ट्रक्टर ग्रेडिंग घेऊन आला, पुढं बेळगावला ज्युनियर लीडर्सना शिकवायला लागला. साहेबांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, तुला मी कुठं सांगितलेलं ऑफिसर हो म्हणून, तू मॅप बघून पोरांना शिकवताना खूश दिसलास, म्हणून फॉर्मचं सांगितलं. मला हे वाक्य ऐकायला वीस वर्षं लागली.

२०२३ ला मी फौज सोडली. आता कराडला असतो. साहेब सत्तरीकडे आलेत, गुडघे गेलेत, कान बरे आहेत. मागच्या महिन्यात पेन्शनच्या एका दुरुस्तीसाठी त्यांचा अर्ज मी भरून दिला, कागद जोडले, कराडमध्येच एका ऑफिसात नेऊन दिला आणि संध्याकाळी फोन करून सांगितलं की साहेब काम झालं.

"पोचपावती?"

मी गप्प.

"लेफ्टनंट कर्नल," ते म्हणाले. एवढंच. दुसऱ्या दिवशी दहाला ऑफिस उघडायच्या आधी मी तिथं उभा.